मालक कोण, हा प्रश्न महाराष्ट्राने १९६९ मध्येच सोडवला होता

पुणे, १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ॲपवर काम करणाऱ्या कामगारांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर मंडळ स्थापन करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या गुरुवारी, १५ जानेवारीला, पुण्यात महापालिकेचं मतदान झालं. सरकारने त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली होती. मी सकाळी साडेसातला हडपसरमधल्या शाळेत रांगेत उभा राहिलो, मत दिलं आणि फाटकाबाहेर येऊन तिथेच ॲपवर लॉगिन केलं. दिवसभरात २१ ऑर्डरी पोचवल्या. ज्यांच्या दारात पोचवल्या, त्यांतल्या बहुतेकांना भरपगारी सुट्टी होती. मला नव्हती. मी दिवसाला बारा तास काम करतो, पण कायद्याच्या भाषेत मी कामगार नाही. ॲप मला ‘पार्टनर’ म्हणतं, आणि पार्टनरला सुट्टी देण्याची जबाबदारी कुणावरच नाही.

मी पस्तीस वर्षांचा आहे. आयटीआयचा फिटर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत आठ वर्षं ठेकेदाराकडे काढली. दर सात महिन्यांनी ठेकेदार ‘ब्रेक’ द्यायचा, कारण वर्षात २४० दिवस भरले की कायद्याचं संरक्षण लागू होतं. ते दिवस भरूच द्यायचे नाहीत, एवढंच त्याचं काम. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्याने फोन उचलणं बंद केलं. त्या दिवाळीपासून पाठीवर डिलिव्हरीची बॅग आहे.

हे गाऱ्हाणं माझ्या एकट्याचं असतं तर मी कुणाला पत्र लिहिलं नसतं. नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात सांगितलं की देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार, म्हणजे आमच्यासारखे पगाराच्या नोकरीबाहेर कामागणिक पैसे घेणारे, होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. हे वाढणारे लोक कोण, ते मला रोज दिसतं. रात्री अकरा वाजता मगरपट्ट्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही थांबतो, तेव्हा त्यात बंद पडलेल्या कारखान्याचा ऑपरेटर असतो, लातूर-नांदेडहून एमपीएससीसाठी आलेली पोरं असतात, दोन मुलांचे बाप असतात. हातखर्चासाठी दोन तास काम करणारेही आहेत, पण ते थोडे. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं घर यावरच चालतं.

आता माझ्या वडिलांविषयी सांगतो, कारण त्यांच्यामुळेच हे पत्र लिहायला बसलो.

आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आज्याने सरकारी कामावर खडी फोडली. तात्या, म्हणजे माझे वडील, १९८३ ला पुण्यात आले आणि मार्केट यार्डात भुसार बाजारातल्या हमालांच्या एका टोळीत लागले. पस्तीस वर्षं त्यांनी शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली. आज त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. हमालीत काही सुख होतं असं मी म्हणणार नाही. पण तात्या माथाडी मंडळाचे नोंदणीकृत कामगार होते. मजुरी मंडळातून यायची. प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा, बोनस मिळायचा, भरपगारी सुट्ट्या होत्या. एकदा पाय घसरून पोतं अंगावर आलं, दोन महिने घरी बसले, तेव्हा औषधपाण्याला सावकाराकडे जावं लागलं नाही. निवृत्त झाले त्या वर्षी फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून आम्ही राहतो त्या दोन खोल्यांचं कर्ज फिटलं. त्यांचं मंडळाचं कार्ड अजून पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवलेलं आहे.

८ डिसेंबरला हमालांचे नेते बाबा आढाव गेले. तात्या चालवत नसताना अंत्यदर्शनाला गेले. घरी आल्यावर जेवले नाहीत. मी रात्री बाराला कामावरून आलो तर जागेच होते. मला म्हणाले, “तुझा मुकादम कोण रे?”

मी म्हणालो, “मुकादम नाही तात्या. काम ॲप वाटतं.”

“मग भांडण झालं तर कुणाच्या समोर उभा राहतोस?”

“चॅटवर लिहितो.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या आधीच्या हमालांचं असंच होतं. म्हणून तर मंडळ झालं.”

महोदय, या एका वाक्यावर मी महिनाभर विचार केला आहे. साठच्या दशकात हमालाने पगार, सुट्टी, नुकसानभरपाई मागितली की व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही. आज माझं पोतं उचलतो, उद्या शेजारच्या गाळ्यावरचं उचलेल. आणि ते खोटंही नव्हतं. टोळीला एक मालक नव्हताच. आज कंपन्या आमच्याबद्दल शब्दशः तेच सांगतात : हे कुणाचे नोकर नाहीत, पाहिजे तेव्हा येतात, पाहिजे त्या ॲपवर काम करतात.

तेव्हाच्या महाराष्ट्राने यावर काय केलं? मुंबईच्या बाजारपेठांत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबांनी हमाल संघटित केले. १९६९ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. त्या कायद्याने ‘मालक कोण’ या वादाचा गुंता सोडवत बसण्यात वेळ घालवला नाही. मालक आणि हमाल यांच्या मध्ये मंडळ उभं केलं. हमालाने मंडळात नोंदणी करायची, व्यापाऱ्यानेही करायची. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि मजुरीच्या वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के रक्कम, भरायची. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, सोबत सरकारचे. पोतं कुणाचंही उचला, हिशेब एका जागी जमा होत राहतो. पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही याच वाटेने मंडळ झालं. ज्याचा कुणी एक मालक नाही अशा माणसाला कामगार म्हणून कसं उभं करायचं, हे या राज्याला सत्तावन्न वर्षांपासून माहीत आहे. तरी आम्हाला अजून कायदा नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आमच्यासारख्यांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला. त्याच वर्षी बिहार आणि झारखंडच्या विधानसभांनी विधेयकं मंजूर केली. माथाडी कायद्याचा महाराष्ट्र या रांगेत मागे उभा आहे, हे मला शांतपणे बघवत नाही.

आता आमच्या तक्रारी. मी वही ठेवतो, म्हणून आकड्यांतच सांगतो.

शनिवार, १० जानेवारी. सकाळी अकराला लॉगिन, रात्री साडेअकराला लॉगआउट. साडेबारा तास. ऑर्डरी २४. ऑर्डरींचे ७९२ रुपये, इन्सेंटिव्हचे १५०, एकूण ९४२. गाडीच्या मीटरप्रमाणे १३१ किलोमीटर झाले. ॲपने पैसे मोजले ते ८२ किलोमीटरचे, कारण हॉटेलपासून ग्राहकापर्यंतचंच अंतर धरलं जातं. हॉटेलपर्यंत जाण्याचं आणि लांबच्या सोसायटीतून रिकामं परत येण्याचं अंतर माझं मला. पेट्रोल त्या दिवशी १०४ रुपयांच्या आसपास होतं. गाडी लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे तीनशे रुपये पेट्रोललाच गेले. ऑइल, टायर, ब्रेक, मोबाइलचा डेटा यांचे रोजचे नव्वद धरतो. हातात राहिले साडेपाचशे. तासाला ४४ रुपये. यातून गाडीचा हप्ता द्यायचा आहे.

त्या दिवशी २५ ऑर्डरी झाल्या असत्या तर इन्सेंटिव्ह ३०० मिळालं असतं. २४ वी ऑर्डर सव्वादहाला झाली. त्यानंतर सव्वा तास मी हॉटेलांच्या रांगेसमोर उभा होतो. शनिवारची रात्र होती, शेजारून दुसरे रायडर ऑर्डर घेऊन जात होते. मला एकही आली नाही. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. योगायोगही असेल. माझी तक्रार ही आहे की ते कळायला मला कुठलाच मार्ग नाही. तात्यांच्या बाजारात तोलाई कशी लावली, पट्टीत, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीत, किती लिहिलं, हे हमाल उभा राहून बघू शकत होता आणि चुकलं तर मंडळात जाऊ शकत होता. इथे रेट कार्ड सोमवारी बदलतं आणि ते बदललंय हे मंगळवारी पैसे कमी आले की समजतं.

थांबण्याच्या वेळेचा तर विषयच निघत नाही. हॉटेलात ऑर्डर तयार नसेल तर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावं लागतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबरच्या चालकांच्या खटल्यात सांगितलं की चालक आपल्या हद्दीत ॲपवर लॉगिन करून भाडं घ्यायला तयार आहे तो वेळ कामाचाच आहे. आमच्याकडे त्या वेळेला काहीच नाव नाही.

दुसरी गोष्ट आयडी बंद होण्याची. कारखान्यातून काढायचं तर निदान गेटवर कुणीतरी तोंडाने सांगायचं. गेल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, मी एका सोसायटीच्या गेटवर पार्सल दिलं. सुरक्षा रक्षकाने ठेवून जायला सांगितलं, तसा फोटोही काढला. ग्राहकाने ‘मिळालं नाही’ अशी तक्रार केली. अर्ध्या तासात माझा आयडी ब्लॉक. फोटो पाठवला. चॅटवर त्याच त्या चार वाक्यांचं उत्तर येत राहिलं. हबवर गेलो तर टीम लीडर म्हणाला, माझ्या हातात काही नाही, वरून होतं. सहा दिवसांनी आयडी आपोआप सुरू झाला. का बंद केला होता आणि का सुरू केला, आजपर्यंत मला कुणी सांगितलेलं नाही. त्या सहा दिवसांचे पैसे गेले, आणि महिन्याचं इन्सेंटिव्ह ‘सलग काम नाही’ म्हणून तेही गेलं. पोराच्या शाळेची फी त्याच आठवड्यात होती. बायकोने कानातले गहाण ठेवले. ते डिसेंबरात सोडवले.

मला शिक्षा झाली याचं दुःख आहेच, पण माझी बाजू ऐकणारं माणूसच नव्हतं, हे त्याहून जास्त लागलं. कर्नाटकच्या कायद्यात लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काम बंद करता येत नाही. कोल्हापूरहून निपाणीला गेलं की तो नियम लागू होतो. सीमेच्या अलीकडच्या रायडरला तो नाही.

अपघाताचं लिहिताना हात जड होतो. आमच्या झोनमध्ये लातूरचा एक पोरगा होता, दिवसा अभ्यासिका आणि संध्याकाळी डिलिव्हरी. मुंढव्याजवळ खड्डा चुकवताना पडला आणि मांडीचं हाड मोडलं. विम्याचा दावा केला तर उत्तर आलं की अपघाताच्या वेळी चालू ऑर्डर नव्हती. तो ऑर्डर देऊन परत येत होता, पुढची घ्यायला. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यानेही हात वर केले, कारण खासगी गाडी धंद्याला वापरली. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी काढली. शंभर, दोनशे, कुणी पन्नास. ऑपरेशन झालं. परीक्षा बुडाली. तो गावी गेला तो परत आलेला नाही.

या महिन्यात ‘दहा मिनिटांत’ पोचवण्याच्या जाहिरातींवरून चर्चा झाली. २५ आणि ३१ डिसेंबरला देशभरातल्या रायडरांनी संप केला, त्यानंतर केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी बोलून हा दावा मागे घ्यायला सांगितलं आणि एका मोठ्या कंपनीने तो काढलाही. त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. पण आम्ही घाई करतो ती जाहिरात वाचून करत नाही. ऑर्डरीला ३३ रुपये मिळणार असतील तर तासाला तीन केल्याशिवाय चूल पेटत नाही. दर तोच राहिला तर सिग्नलही तसाच तुटणार, आणि मुंढव्याच्या खड्ड्यात आणखी कुणीतरी पडणार.

आमच्या शेजारच्या ताई ॲपवरून घरोघरी पार्लरचं काम करायला जातात. त्यांची सोळा किलोची बॅग असते. गिऱ्हाईक कसं वागेल हे दार उघडल्यावरच कळतं, आणि वाईट वागलं तरी बोलता येत नाही, कारण जाताना रेटिंग तेच देणार. मुलीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत काम केलं, मग थांबल्या. बाळंतपणाचा एक रुपया मिळाला नाही, आणि परतल्या तेव्हा पुन्हा नव्याने ट्रेनिंग करावं लागलं, त्याचे पैसे भरून. दिवसभरात स्वच्छतागृहाची सोय कुठे, हे मी त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, मी सकाळपासून पाणीच पीत नाही.”

सोसायट्यांच्या लिफ्टविषयी आपल्याला लिहून उपयोग नाही, ते हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी आहे. चौदाव्या मजल्यावर जेवण मागवता, तर आम्हाला लिफ्टने येऊ द्या.

आपल्या खात्याकडून उत्तर येईल की केंद्राचा कायदा आता लागू झाला आहे. तो मी वाचला आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या एकाच संहितेत, सामाजिक सुरक्षेच्या, आमचं नाव आहे, आणि तेही ‘पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर’ काम करणारे म्हणून. वेतनाच्या, औद्योगिक संबंधांच्या आणि सुरक्षितता-आरोग्याच्या संहितांत आम्ही नाही. म्हणजे किमान वेतन नाही आणि काढून टाकलं तर दाद मागायची सोय नाही. जे आहे त्याचं मी स्वागत करतो : कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम आमच्या निधीत भरायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची मर्यादा. मात्र त्यातून कुणाला नेमकं काय आणि कधी मिळणार, हे योजनांवर सोडलेलं आहे. ३० डिसेंबरला केंद्राने नियमांचा मसुदा काढला. त्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा एकाहून जास्त कंपन्यांकडे मिळून १२० दिवस भरण्याची अट आहे. महोदय, चाकणला मी २४० दिवसांची वाट बघत आठ वर्षं घालवली. पहिल्याच महिन्यात पाय मोडलेल्या पोराने नव्वद दिवस कसे भरायचे?

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर राज्यालाही कायदा करता येतो. चार राज्यांच्या विधानसभांना जे करता आलं, ते आपल्यालाही करता येईल. आमच्या मागण्या सांगतो.

ॲपवरच्या कामगारांसाठी त्रिपक्षीय मंडळ कायद्याने स्थापन करावं, कामगारांचे प्रतिनिधी कंपन्यांइतकेच असावेत. नोंदणीसाठी आम्हाला खेटे घालायला लावू नयेत. कोण लॉगिन करतं, किती तास करतं, कुठे जातं, याची सेकंदासेकंदाची नोंद कंपन्यांकडे आहे. त्यांनी यादी मंडळाला द्यावी आणि मंडळाने कार्ड द्यावं. मी तीन ॲपांवर काम केलं तरी खातं एकच राहावं. दर व्यवहारावर लेव्ही घ्यावी, ती मजुरीच्या वर असावी, मजुरीतून कापू नये, आणि ग्राहकाच्या बिलावर व आमच्या पेआउटवर ती वेगळी दिसावी. मार्केट यार्डात पट्ट्या गोळा करून हा हिशेब करावा लागायचा. इथे ग्राहकाने पैसे भरले त्याच क्षणी लेव्ही वेगळी काढता येते.

लॉगिन ते लॉगआउट, थांबण्याच्या वेळेसकट, तासाचा किमान दर ठरवावा. किलोमीटर ऑर्डर स्वीकारली तिथपासून मोजावेत आणि त्यांचा दर पेट्रोलच्या भावाशी जोडावा.

लेखी कारण दिल्याशिवाय आणि १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय आयडी बंद करू नये. कुणाच्या जिवाला धोका असेल, मारहाण किंवा विनयभंगाची तक्रार असेल, तर ताबडतोब थांबवा, माझी हरकत नाही. पण तीन दिवसांत माणसाने, मराठीत, समोर बसवून बाजू ऐकावी. आयडी चुकून बंद झाला असेल तर बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळावी. ऑर्डर कशाच्या आधारावर वाटल्या जातात, रेटिंगचा त्यावर काय परिणाम होतो, इन्सेंटिव्ह कसं ठरतं, हेही मराठीत लिहून मिळावं.

अपघात विमा लॉगिन ते लॉगआउट असावा आणि पहिल्या दिवसापासून असावा. प्रसूतीची मदतही या मंडळातूनच मिळावी. महापालिकांना सांगून दर प्रभागात बसायला एक शेड, पाणी आणि स्वच्छतागृह मिळालं तर ताईंसारख्या शेकडो बायकांचा दिवस सुसह्य होईल.

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. ग्राहकाला महाग पडेल म्हणतील. मला ऑर्डरीमागे ३३ रुपये मिळतात, लेव्ही त्याच्या पाच टक्के धरली तरी एक रुपया पासष्ट पैसे. कंपन्या राज्य सोडून जातील म्हणतील. चाकणचा कारखाना दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो, ती भीती मी समजू शकतो. पण कोथरूडच्या माणसाला जेवण कोथरूडमध्येच पोचवावं लागतं, ते काम कुठे नेणार? आम्हाला मोकळीक हवी असते, ती जाईल, असंही म्हणतील. तात्यांच्या टोळीला एका मालकाची हजेरी कधीच नव्हती, आणि मंडळ झाल्यावरही ती आली नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. माथाडीच्या नावाखाली औद्योगिक पट्ट्यांत खंडणी मागणाऱ्या टोळ्या झाल्या. चाकणला मी स्वतः ट्रक अडवलेले पाहिले आहेत. तात्यांना याची जेवढी चीड आहे तेवढी कुठल्याच कारखानदाराला नसेल, कारण नाव त्यांचं खराब झालं. पण खंडणीखोर गेटवर उभा राहतो आणि रोख मागतो. आमच्या कामाला गेट नाही आणि पैसा रोख फिरत नाही. शिवाय राजस्थानचा कायदा होऊनही अंमल रखडला, हेही समोर आहे. म्हणून आमची विनंती आहे की कायद्यातच मंडळ स्थापन करण्याची आणि लेव्ही सुरू करण्याची तारीख लिहावी.

अर्थसंकल्पी अधिवेशनात हे विधेयक मांडावं. त्याआधी मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा आणि पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या रायडरांना, चालकांना, घरोघरी सेवा देणाऱ्या बायकांना बोलावून त्यावर म्हणणं ऐकावं. सुनावणी रात्री जेवणाच्या वेळी किंवा शनिवार-रविवारी ठेवू नये, तेव्हा आमच्यातलं कुणी येऊ शकत नाही.

वर्तमानपत्रांना आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत मी नाव लिहिलेलं नाही, कारण नाव कळलं तर आयडी जाण्याची भीती आहे. आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीवर नाव, पत्ता आणि सही आहे. तात्यांनी त्यांचं मंडळाचं कार्ड आणि निवृत्तीच्या वर्षीची हिशेबाची पावती पेटीतून काढून ठेवली आहे. मी माझ्या सहा महिन्यांच्या वहीच्या झेरॉक्स काढल्या आहेत. आपण वेळ दिलीत तर आम्ही दोघं मंत्रालयात येऊ. मंगळवार असेल तर बरं, त्या दिवशी ऑर्डरी कमी असतात.

आपला नम्र,
एक डिलिव्हरी कामगार
हडपसर, पुणे